पांढऱ्या धातूची नळी, एक

ती घटना आजही मनात आली की आधी दिसते ती एक लाकडी पेटी. आमच्या ठाण्यात ती मुन्शींच्या टेबलाखाली असे. कोठडीत घेतलेल्या माणसाच्या अंगावरचे सामान यादी करून, फडक्यात बांधून, लाखेची मोहर लावून त्या पेटीत जाई आणि सुटताना त्याला परत मिळे. थंडीत फरशी गार पडे, म्हणून मुन्शी दिवसभर पेटीवर पाय ठेवून लिहीत बसत.

काळ पन्नासच्या दशकातला. जिल्हा तेव्हा चांदा. गडचिरोली त्यातच होती. आलापल्लीहून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आठ शिपाई, दोन सायकली, एक कोठडी. जवळपास तुरुंग नसल्याने न्यायालयीन कोठडीतले कैदीही आमच्याकडेच ठेवत. त्या वेळी एकच कैदी होता. नदीकाठच्या गावचा मासेमार, वय तिशीचे. आठवडी बाजारातल्या भांडणात त्याने एकाचे डोके फोडले होते.

एका सकाळी खनिजांचा शोध घेणाऱ्या सरकारी पथकाचे प्रमुख जीपने ठाण्यावर आले. जंगलाच्या कडेला त्यांचे तंबू होते. त्यांनी फिर्याद दिली : शिशाचे भांडे, नारळाएवढे, झाकणाला आटे, चोरीस गेले. चोरी कधी झाली, हे विचारले. आठ दिवसांपूर्वी.

"आठ दिवस काय केलंत?"

"शोधत होतो," ते म्हणाले. मग त्यांनी मुन्शींकडे पाहिले. मी मुन्शींना बाहेर पाठवले.

भांडे महत्त्वाचे नव्हते. त्याच्या आत बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या धातूची बंद नळी होती आणि नळीत थोडेसे रेडियम होते. दगडांतले किरण मोजणारे त्यांचे यंत्र बरोबर चालते की नाही, ते त्या नळीसमोर धरून पाहत. नळीतून अहोरात्र किरण निघतात, ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, हाताला ऊब लागत नाही, असे त्यांनी सांगितले.

"मग धोका कळतो कसा?"

"लगेच कळतच नाही. नळी दहा पावलांवर असेल तर फारसं काही होत नाही. अंगाला चिकटून काही तास राहिली तर तिथली कातडी भाजते; पण ते आठ-पंधरा दिवसांनी दिसतं. दिवसचे दिवस राहिली तर मांस सडतं. आणि कुणी फोडून आतली पूड उधळली, तर मग मी काही सांगू शकत नाही."

शिसे हे किरण अडवते, म्हणून ते भांडे. चोराने शिसे घेतले असेल आणि नळी कुठे तरी ठेवली असेल. कुठे, एवढाच प्रश्न होता. कुणाच्या उशाशी, कुणाच्या कमरेला, की पाळण्याला बांधलेली?

मी दवंडी द्यायचे ठरवले. पथकप्रमुखांचा विरोध होता. चमकणाऱ्या वस्तूला सरकार घाबरते म्हटल्यावर लोक ती लपवतील, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. तरीही मी दवंडी दिली. अशी नळी दिसल्यास हात लावू नये, चावडीवर वर्दी द्यावी, आणणाऱ्यावर गुन्हा नाही. हे शेवटचे वाक्य माझ्या अधिकारात बसत नव्हते.

तीन दिवसांत चार गावांच्या चावड्यांवर ढीग जमला. बंदुकीची रिकामी काडतुसे, छत्रीची टोके, पेनाची टोपणे, एका म्हाताऱ्याने आणलेला स्वतःचा चांदीचा दात. हात लावू नका म्हणून सांगितलेल्या वस्तू लोकांनी मुठीत धरून आणल्या होत्या. पथकाचा माणूस यंत्र घेऊन चावडी ते चावडी फिरला. यंत्र गप्प राहिले. जो कोणी नळी बाळगून होता, त्याचा एकेक दिवस जात होता आणि त्याला काही दुखत नव्हते.

याच दिवसांत कोठडीतल्या कैद्याने तक्रार केली.

"साहेब, कमरेले खाज सुटून राह्यली. आग होते."

मुन्शी आतूनच ओरडले, "रोज बसून खातं, मंग खाज नाई तं काय होईन! काम सांगा त्याले, साहेब."

मी सदरा वर करायला लावला. कमरेच्या उजव्या बाजूला, धोतराच्या कनवटीखाली, रुपयाएवढा लालभडक डाग होता. कोठडीत घेताना अंगावरच्या खुणांची नोंद होते. त्या नोंदीत हा डाग नव्हता. अशा वेळी पोलीस अधिकाऱ्याला पहिला संशय आपल्याच माणसांचा येतो. मी रात्रपाळीच्या शिपायाला बाजूला घेऊन, मारहाण केलीस का, असे विचारले. त्याने आईची शपथ घेतली. मी विश्वास ठेवला नाही. रोजनाम्यात "डाग, कारण अज्ञात" असे लिहून खोबरेल तेल द्यायला सांगितले. शिपाई पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे बरोबर होते.

खबर बाजारात लागली. सुके मासे विकणारी एक बाई अधूनमधून आम्हाला बातमी देई. मी तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा ती टोपली आवरत होती.

"काय बापा, साहेब, शिसं शोधून राह्यले म्हणे तुमी? मंग नळीची दवंडी काऊन देल्ली? शिशाची द्याची ना! मी कवाच सांगतलं असतं."

"सांग आता."

"वरच्या घाटावर एकाच्या जाळ्याले नव्या गोळ्या लागल्या. चकचकीत. आमच्याइकडे मातीच्या भाजेल गोळ्या लावतेत जाळ्याले. शिसं कोणाले परवडते?"

ती खरेच बोलली होती. मी नळी शोधत बसलो. लोकांनी नळी पाहिलीच नव्हती. पाहिले होते ते शिसे. चोराला काय हवे होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

घाटावर जाळे सापडले. काठाला शिशाच्या ओबडधोबड गोळ्या ओवलेल्या होत्या. यंत्र गप्पच. जाळेवाल्याला मी तिथेच, नावेच्या कडेला बसवून विचारले. तो घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

"भावानं देल्लं शिसं. मले काय मालूम कुठून आणलन."

"भाऊ कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी थट्टा करतो आहे.

"तुमीच तं ठेवला ना त्याले कोठडीत, साहेब!"

मी परतीच्या वाटेवर सायकल किती जोरात हाणली, ते आठवत नाही. तो डाग आठवत होता. आठ-पंधरा दिवसांनी दिसतं, हे वाक्य मी स्वतः ऐकले होते आणि तरीही खोबरेल तेल दिले होते. पथकप्रमुखांना निरोप धाडून मी कोठडीसमोर बसलो. कैद्याने आधी सगळे नाकारले. एका गुन्ह्यात आत असताना दुसरा कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. धाक घालण्यात अर्थ नव्हता. उलट धाकानेच तो बंद झाला असता.

"शिशासाठी मी आलो नाही," मी म्हणालो. "शिसं जाळ्यालाच राहू दे. त्या भांड्यात एक नळी होती. ती तुझ्या कमरेला होती. तो डाग तिचा आहे. ती आता कुणाजवळ असेल तर त्यालाही असंच होणार. घरी आहे का? बायकोजवळ?"

बायकोचे नाव निघताच त्याचा चेहरा बदलला. त्याने डागावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"नाई, साहेब. बायकोले दाखवलीच नाई. शिसं वितळाच्या पयले काढली. साजरी दिसली म्हणून कनवटीले खोसली. दुसऱ्या दिशी बाजारात भांडण झालं, तुमी धरून आणलं."

"मग कुठे गेली?"

"तुमीच तं घेतली. मुन्शीजीनं लिवून घेतली. तुमी थे उजेडात धरून पायली. म्हटलं तुमी, कामाचीच नाई आहे."

मुन्शी टेबलाशी बसले होते. त्यांचे पाय पेटीवर होते. त्यांनी खाली पाहिले आणि पाय अगदी हळू, जणू पेटी जागी होईल अशा बेताने, उचलून घेतले.

मी सगळ्यांना बाहेर काढले. कैद्याला बेडी घालायचे भान राहिले नाही आणि तो पळाला नाही. आम्ही सगळे पन्नास पावलांवर चिंचेखाली उभे राहिलो : ठाणेदार, शिपाई, आरोपी, एका रांगेत. तासाभराने जीप आली. यंत्र ओसरीपाशी पोचताच कडकडू लागले आणि दारातून आत गेल्यावर तो आवाज तुटेनासा झाला. पथकप्रमुखांनी लांब बांबूच्या चिमट्याने गाठोडे उचलून दुसऱ्या शिशाच्या भांड्यात टाकले, झाकण फिरवले. आवाज विरळ झाला. नळी फुटलेली नव्हती.

मुन्शींनी त्यांना गाठले.

"साहेब, दहा-बारा दिवस माये पाय होते जी पेटीवर. मले काई होईन काय?"

"मध्ये लाकूड होतं, हातभर अंतर होतं. बहुधा काही होणार नाही."

"बहुधा म्हंजे?"

पथकप्रमुख भांड्याचे झाकण पुन्हा एकदा आवळू लागले. आपण तक्रार करायला आठ दिवस लावले, हे ते त्या वेळी मनात मोजत असावेत. मी माझ्या उजव्या हाताची दोन बोटे पाहत होतो. त्यांच्यावर काही नव्हते. पहिल्या पंधरा दिवसांत "काही नव्हते" याचा अर्थ काही नव्हते असा होत नाही, हे मला कळले होते.

कैद्याचा डाग फुटला, त्याची जखम झाली. चांद्याच्या दवाखान्यात तिथले मांस कापावे लागले. भरून यायला पावसाळा उलटला. चोरीची त्याने कबुली दिली, शिक्षा किरकोळ झाली. पुढे तो पुन्हा जाळे टाकू लागला. धोतराची कनवट मात्र डावीकडे खोसायचा. रात्रपाळीच्या शिपायाची मी सर्वांसमोर माफी मागितली. माझ्या बोटांना काही झाले नाही. मुन्शी पुष्कळ वर्षे जगले. भेटायला आले की ओसरीवर बसताना आधी वहाणा काढून तळवे माझ्याकडे करायचे. "पाहून घ्या, साहेब. करा पंचनामा." आम्ही हसायचो. पण ते रोज सकाळी तळवे पाहतात, हे त्यांच्या पत्नीने मला सांगितले होते.

अंगझडतीची ती यादी मी नंतर काढून वाचली. तंबाखूची डबी, एक. चुन्याची डबी, एक. पांढऱ्या धातूची नळी, एक, निरुपयोगी. खाली कैद्याचा अंगठा आणि माझी सही. निरुपयोगी हा शब्द मुन्शींनी माझ्या सांगण्यावरून लिहिला होता. वस्तू काय आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि निरुपयोगी म्हटल्यावर ती माझ्या आणि मुन्शींच्याही मनातून पार गेली होती. पण ठाऊक नाही असे सरकारी कागदावर लिहिण्याची रीत नव्हती.

त्यानंतर माझ्या प्रत्येक पंचनाम्यात, वस्तू ओळखीची नसेल तिथे, "काय आहे ते माहीत नाही" असे लिहिलेले सापडेल. एका वरिष्ठांनी त्यावर लेखी खुलासा मागवला : जबाबदार अधिकाऱ्याने दप्तरी असे शब्द का वापरावेत? मी एका ओळीत उत्तर पाठवले. माहीत नव्हते म्हणून.