पेट्रोल भरायचंय, उतरा!

काय सांगू तुम्हाला, इंग्रजीतल्या एका अक्षरापायी मी सख्ख्या सासऱ्यांचे हाल केलेत!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोह्याला कंपनीत होतो. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांची वापरलेली गाडी घेतली. पेट्रोलच्या झाकणापाशी पट्टी होती, 'अनलोडेड पेट्रोल ओन्ली'. म्हणजे काय? गाडी रिकामी करूनच पेट्रोल भरा!

पण का बरं? मला कुतूहल फार. रात्रंदिवस विचार करून कारणही मीच शोधलं. वजनाने टाकी दबत असणार!

बायको म्हणाली, "आमच्या गावातल्या जीपला नाय असलं काय."

"अगं, ही मुंबईची गाडी आहे!"

झालं! पंप आला की सगळे खाली. सासरे भातशेतीवाले, गुडघ्यांनी बेजार.

"मामा, उतरा."

"परत? आता तर बसलो, जावईबापू!"

त्यांनी आणलेली तांदळाची गोणीसुद्धा मी उतरवायचो. टाकीचं तोंड इतकं अरुंद की पंपाची नळी आत जाईना. मग नरसाळं लावायचं. तेव्हाही मला शंका आली नाही, बोला! एकदा मागचा मिठाचा ट्रकवाला घाबरून विचारतो, "साहेब, मला पण माल खाली करायला लागंल काय?"

पुढे पेणला मेहुणीचा साखरपुडा ठरला. निघालो, तर गाडीत दमच नाही! सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात होते. कशीबशी पेणच्या रामवाडीला पोचलो आणि ऐन मांडवाच्या दारात गाडीने मान टाकली.

नवऱ्या मुलाचे काका धावत आले. मुंबईला राहणारे, अशीच गाडी असलेले.

"पेट्रोल कुठलं घालता?"

"कुठलंही असो," मी छाती फुगवून म्हणालो, "गाडी रिकामी केल्याशिवाय थेंब घालत नाही!"

काकांना काही कळेना. त्यांनी झाकण उघडलं, पट्टी वाचली आणि पोट धरून हसत सुटले.

"अहो, अनलेडेड! बिनशिशाचं! धुरातलं विष कमी व्हावं म्हणून आता मुंबईत नव्या गाड्यांना खाली कन्व्हर्टर लागतो. शिशाच्या पेट्रोलने तो निकामी होतो. तुमचा पार चोंदला असणार!"

"मग बिनशिशाचं इथे कुठे मिळतं?"

"इथे? त्यासाठी मुंबईलाच यायला हवं!"

मामा गुडघा चोळत उभे. "म्हणजे आमी उतरत व्हतो, ते उगाच?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मी टायरकडे बघत राहिलो.

काकांनाच माझी दया आली असावी. विषय बदलायला म्हणाले, "बरं, तुम्ही कंपनीत काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाले, "सेफ्टीला हायत. कामगारांना इंग्रजी पाट्या वाचून, अर्थ समजावून सांगतात!"