दातांत धरलेली चावी

नव्वदच्या दशकात हजीऱ्याच्या रस्त्याखालून मशीनने बोगदा पाडून आम्ही गॅसची लाइन टाकत होतो. मशीन चालवणारा खानदेशातला होता. पुढे कठीण खडक लागला की मशीनचे दात मोडू नयेत म्हणून तो मशीन लगेच बंद करी, चावी काढून तोंडात धरी आणि छिन्नी-हातोडा घेऊन टाकलेल्या पाइपातून रांगत मशीनच्या दातांपुढचा खडक फोडायला आत जाई.

त्या दुपारी आतले ठोके अचानक थांबले. वरून ट्रक धडधडत होते. मी वाकून हाका मारल्या, पण ओ आली नाही. तेवढ्यात साइटचे साहेब आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“चावी दे. किती वेळ बंद ठेवणार?”

“आत माणूस आहे, साहेब. चावी त्याच्याकडेच आहे.”

तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

बऱ्याच वेळाने तो धुळीने माखलेला बाहेर आला. चावी तोंडातून काढून त्याने शर्टाला पुसली.

“दम घेत होतो,” तो म्हणाला.

“चावी माझ्यापाशी ठेवली असती तर ओ तरी देता आली असती,” मी चिडून म्हणालो.

“साहेबानं मागितली असती, तर तू नाही म्हटला असता का, भाऊ?”

साहेबांनी हात पुढे केला, तेव्हा माझा हात आपसूक माझ्या रिकाम्या खिशाकडे गेला होता.