बाय आणि दामूचा घोडा

बाय दूध घेताना त्यात बोट बुडवून बघायची आणि मग त्या बोटाकडेही संशयाने बघायची. तिचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. रिक्षावाला लांबून नेतो, वाणी ओला गूळ देतो, आणि तिच्या माणिकपूरच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारी मी तिच्या अळूची पानं चोरते, अशी तिची पक्की समजूत. पानं मी दोनदा घेतली होती, हे खरं आहे.

मी साताऱ्याकडून इथे शाळेत शिकवायला आलेली. बाय वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली. नवरा कधीच गेलेला, गोठ्यात दोन बैल आणि एकुलता एक दामू. दामू घोडदळात होता. घोडदळ म्हणजे आता रणगाडे, हे बायला चांगलं ठाऊक होतं. "घोडे गेले नि लोखंड आलं," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दामूची पत्रं मी वाचायची. एकदा वाचून भागत नसे. दुसऱ्या वाचनात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, की ती लगेच म्हणायची, "मगाशी असा नव्हता."

दिवाळीत दामू सुट्टीवर आला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला विहिरीपाशी गाठलं. "बाई, आमची तुकडी लंकेत हाय. सुट्टी संपली की परत तिकडंच. बायला कळलं तर ती जेवायची नाय. मी लिहीन तेवढंच वाचा." लंकेत तेव्हा त्यांची आपसात लढाई पेटली होती आणि आपली फौज त्यात मध्ये पडली होती. मी मान डोलावली. ती मान डोलावल्याचं मला अजून वाईट वाटतं.

नव्वदच्या जानेवारीत पत्र आलं. 'तीर्थरूप बायस साष्टांग नमस्कार. माझी बदली साहेबांच्या तबेल्यावर झाली आहे. रणगाड्याचं काम सुटलं. मला एक तांबडा घोडा दिला आहे, त्याचं नाव राजा. सकाळी त्याला खरारा करतो, दुपारी पाणी दाखवतो. संध्याकाळी तो सावलीत बसून निवांत रवंथ करतो, तेव्हा मी तुला पत्र लिहितो. इथे लढाई नाही. काळजी नसावी.'

मी अगदी वर्गात धडा वाचावा तसं ठसक्यात वाचलं. बायने पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं.

"गावाचं नाव नाय?"

"लष्कराच्या पत्रावर नुसता नंबर असतो, बाय."

"हं. ते घोड्याचं परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग तिने विचारलं, "घोडा रवंथ करतो?"

"करत असेल," मी म्हणाले. आमच्या सात पिढ्यांत कोणी घोडा पाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाय नाक्यावर गेली. तिथे तेव्हा दोन टांगे उरले होते. टांगेवाल्याला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण टांगेवाले खोटं बोलतात. समोरच्या ओट्यावर बसून दुपारभर ती घोड्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. शाळेतून येताना मी तिला तिथे पाहिलं.

"खाल्लं, गिळलं, संपलं," ती घरी येऊन म्हणाली. "परत तोंडात कायपन आनलं नाय. माझा पोरगा बैलांत वाढला, त्याला वाटलं सगळीच जनावरं रवंथ करतात. त्यानं तबेला पायलाच नाय." मग आवाज खाली आला. "कुठं हाय तो? तुला ठाव हाय."

मी सांगितलं. ती कोसळेल असं मला वाटलं होतं. ती उठली, बैलांना पेंढा घालून आली आणि समोर बसली.

"लिही. राजाला वेळेवर पानी दे. तू पन जेव. इकडं सगळं बरं हाय."

मी पेन थांबवलं.

"मला कळलं असं लिहू नको. तिथं त्याला माझी काळजी नको."

लेकाचं खोटं तिने पोटात घातलं, माझं घातलं नाही. ते पत्र टाकायलासुद्धा माझ्याकडे दिलं नाही. पुढे दोन महिने दामूची एक ओळ आली नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की बाय म्हणायची, "हा सांगतो त्याहून जास्त मेले असतील," आणि ताटावरून उठायची. माझ्याशी ती कामापुरतंही बोलत नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर फौज परतली आणि दामू घरी आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. बायने तो हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मी दारात उभी होते.

"घोडा चावला," दामू म्हणाला.

बायने तो हात हळूच खाली ठेवला. "चावतो घोडा," ती म्हणाली आणि ऊन पाणी आणायला आत गेली. मी मागोमाग गेले. चुलीपुढे तोंडात पदर कोंबून ती रडत होती. मला बघून तिने हाताने जवळ बोलावलं, आणि आम्ही दोघी तिथेच रडलो.

संध्याकाळी शेजारची मारीमावशी दामूला बघायला आली. हात बघून ती बायच्या कानाशी लागली, "घोडा चावून दोन-दोन बोटं जातात?"

"माझा पोरगा सांगतो ना," बाय कडाडली. "मानसानं मानसावर विश्वास ठेवावा."