पडद्याखालून दिसलेला खुनी

आमच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, मी एकदाही थेट बोलले नव्हते. आमच्याकडे रीतच तशी. सून सासऱ्यासमोर बसत नाही आणि बोलत नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगतात. मामाजी जेवताना माझ्यापासून चार हातांवर असत, तरी सासूबाईंना म्हणत, "तिले म्हण, मीठ कमी हाय." तोवर मी मीठ घेऊन उभीच असे.

टीव्ही ओसरीत ठेवला होता. हप्त्यातून एकदा संध्याकाळी खुनाची हिंदी मालिका लागायची. ती पाहायला शेजारचे दोघंतिघं पुरुष येत, म्हणून सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. लुगड्याचा विरलेला भाग कापून टाकल्यामुळे पडदा आखूड झाला. मी चुलीपाशी बसून त्याच्या खालून पाहायची. टीव्ही ठेंगण्या पेटीवर होता, मला चित्राचा खालचा हिस्सा तेवढा दिसे. म्हणजे अख्खी मालिका मी पाय पाहून आणि आवाज ऐकून काढली.

एका बंगल्यात एका सेठचा खून होतो, अशी ती गोष्ट. पहिल्या भागात खुनी जिना उतरतो, पण दिसतात त्याचे जोडे फक्त. तपकिरी, चकचकीत, उजव्याच्या टोकावर एक लांब ओरखडा. ओसरीतून आवाज आला, "अरे, तोंड दाखव ना त्याचं!" मला काही कमी पडलं नाही. मला सगळेच असे दिसत होते.

पुढे ते जे लांबलं, विचारू नका. दर हप्त्यात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करून सांगायचा की खुनी याच घरात आहे. मग ढोल वाजल्यासारखं संगीत, एकेकाचं तोंड, मला नुसती हनुवटी, आणि संपलं. कधी नेमकी त्याच वेळी लाईन जायची आणि टीव्हीच बंद पडायचा. मामाजी खाटेवरून ओरडायचे, "घरातच हाय तर धर ना बाप्पा! आमची रोवणी झाली, निंदण झालं, धान लोंबीवर आलं, अन् हा अजून बोटाचे ठसेच घेऊन राहिला!"

शेजारचे एक भाऊजी हिवाळ्यात गावोगावच्या नाटकांत खलनायकाचं काम करत. ते बिडी विझवून मामाजींना म्हणायचे, "काका, सेठची बायकोच होय. मी स्टेजवर इतके खून केले, मले नाही समजणार?"

"ते तर रडून राहिली बिचारी."

"म्हणूनच. जो जास्त रडते, त्याच्यावर नजर ठेवा."

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मी पाहिलं. सेठला तपासणारा डॉक्टर बोलत होता आणि त्याच्या पायात तेच जोडे होते. ओरखडासुद्धा तोच. माझी भाकरी तव्यावर जळाली.

आमच्या गावात माणसाजवळ जोडा एकच असतो आणि तो ज्याचा त्याचाच. दारासमोर काढलेल्या चपला पाहून आत कोण बसलंय ते कळतं. रोवणीला चिखलात रोपं लावत दिवसभर वाकलेल्या बायांना एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, पाय पाहूनच कोण मागं राहिली ते समजतं. मला शंकाच उरली नाही.

माणसं गेल्यावर मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी मामाजींना सांगितलं. मामाजींचा घास हातातच राहिला. "विचार तिले, ओरखडा उजव्याच जोड्यावर होता का?"

मी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "हो म्हणते."

दुसऱ्या दिवशी मामाजींनी पानठेल्यावर जाहीर करून टाकलं की खुनी डॉक्टर होय. संध्याकाळी भाऊजी हसत आले. "काका, हे तुम्हाले कोनं सांगितलं?"

"आमच्या घरचा अंदाज हाय."

पडद्याआड माझे कान तापले. माझं म्हणणं त्या घरात कोणी विचारलं नव्हतं, आणि ते थेट पानठेल्यापर्यंत गेलं होतं. खोटं निघालं तर मामाजींचं हसं होईल, आणि मग पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. रोज देवाजवळ मागत होते की खून डॉक्टरनंच केलेला असू दे.

शेवटच्या भागाला ओसरी भरली होती. लाईनही टिकली. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना उभं केलं, आणि फाटकातून एक नवीनच माणूस आत आला. सेठचा सावत्र भाऊ. इतके महिने त्याचं नावही कोणी घेतलं नव्हतं. खुनी तो निघाला. त्याच्या पायात साध्या चपला होत्या! आणि त्याला धरून नेणाऱ्या इन्स्पेक्टरच्या पायात तेच तपकिरी जोडे, उजव्यावर ओरखडा असलेले.

मग मामाजी उठून उभे राहिले. "हा कोन होय? याले कोनी पायलं होतं का आधी? आमी वर्षभर कायले बसलो होतो इथं?"

सेठच्या बायकोवरचा भाऊजींचा अंदाजही चुकलाच होता, तरी ते म्हणाले, "अन् डॉक्टर, काका? कोनाचा अंदाज होता तो?"

मी चुलीतलं तडतडणारं लाकूड मागं ओढलं.

"माझाच," मामाजी म्हणाले. "जोडा त्याचाच होता म्हणून म्हटलं."

"जोडा?" भाऊजी हसत सुटले. "अजी, नाटकात जोड्याची एकच पेटी रायते. ज्याची एन्ट्री, तो घालते. तिथंबी तसंच असन."

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं गा!"

सगळे मालिकावाल्यांना शिव्या देत घरी गेले. मामाजींनी टीव्ही बंद केला. मग पडद्याकडे तोंड न करता सासूबाईंना म्हणाले, "विचार तिले. तिले काय वाटते, खरंच तो चपलावाला होता?"

सासूबाई गोठ्यात गेल्या होत्या. हे मामाजींना माहीत नव्हतं, की माहीत होतं, मला सांगता येत नाही.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतूनच म्हणाले, "नाही जी. मले तर डॉक्टरच वाटते."

"मलेबी," मामाजी म्हणाले.