पुंगळी आणा, काडतूस न्या

चार टाळकी रोज एकाच ओसरीवर टेकली की किस्से आपोआप साठतात. त्या वेळी त्यांचं काही वाटत नाही. आता दुपारी डोळा लागता लागता एकेक समोर येतो, आणि अर्धवट झोपेत मी एकटाच हसतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी अहेरीत शाळामास्तर होतो आणि ओसरी होती गणपतभाऊ सोनारांची. तिथे येणाऱ्या रिटायर्ड रेंजरसाहेबांकडे एक जुनी अमेरिकन रायफल होती. ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर दाबली की रिकामी पुंगळी उडून बाहेर, नवं काडतूस आत. देश सोडताना एक गोरा साहेब ती देऊन गेला होता. पण काडतुसं मिळायची बंद झाली. मग वापरलेल्या पितळी पुंगळीत पुन्हा ठिणगी पाडणारी टोपी, बंदुकीची दारू आणि शिशाची गोळी बसवायचं काम गणपतभाऊंकडे आलं. त्यासाठीचं हत्यार अगदी अडकित्त्यासारखं दिसायचं, म्हणून त्याचं नावही अडकित्ता. दारू तोलायला सोन्याचा काटा आणि लाल गुंजा. नियम एकच, "पुंगळी आना, काडतूस न्या."

"माह्या हातचं एक जरी काडतूस जनावरासमोर फुसकं निघालं, त हा अडकित्ता प्राणहिता नदीत फेकीन," असं ते हसत म्हणायचे. आम्हाला मात्र त्याची खरीच भीती वाटायची. त्या अडकित्त्याशिवाय आमच्या दुपारी कशा गेल्या असत्या!

*

बार झाला की जनावर कुठे गेलं हे आम्ही बघतच नसू. सगळे गुडघ्यांवर, सागाच्या वाळल्या पानांत पुंगळी शोधायला. एकदा धानात शिरलेलं रानडुक्कर पहिल्याच गोळीत पडलं. पाऊण तासानं पुंगळी सापडली. आम्ही ती वाजतगाजत ओसरीवर आणून गणपतभाऊंच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती पुसली, उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "आन डुक्कर?"

*

दारूचं माप हातात असलं की गणपतभाऊंसमोर कोणी बोलायचं नाही. काट्याचं पारडं हळूच हलायचं, मोहाचा वास यायचा, आणि आपण जागे आहोत की झोपेत हेच कळेनासं व्हायचं. एका दुपारी त्यांची बायको सरस्वतीबाई दारात येऊन उभी राहिली. वीस पुंगळ्या भरून होईपर्यंत उभीच.

"काऊन उभी आहेस?" त्यांनी शेवटी मान वर केली.

"तुमी आजा झाले," ती म्हणाली. "पोरीले पोरगी झाली. तुमी गुंजा मोजून राह्यले होते, म्हून बोलली नाई."

*

शिसं संपलं, तेव्हा तळ्यावरच्या मारोती ढिवराकडून त्याच्या जाळ्याची जुनी वजनं आणून गोळ्या ओतल्या. त्यांतली पहिलीच गोळी साहेबांनी तळ्याकाठच्या डुकरावर झाडली. डुक्कर पळालं, गोळी पाण्यात बुडाली.

मारोती बाजूलाच जाळं सुकवत होता. "साहेब, तुमचा नेम बराबर आहे," तो म्हणाला. "तिलेच पान्याची सवय!"

*

आमच्यातल्या बांबूच्या ठेकेदाराकडे रिव्हॉल्व्हर होतं. त्याला रायफलचीच काडतुसं चालायची. एकदा त्यानं दहा पावलांवर मडकं ठेवलं आणि डोळे मिटून सहा बार काढले. मडकं शाबूत. आम्ही सवयीनं पुंगळ्या शोधायला वाकलो, तर एकही नाही. रिव्हॉल्व्हरमधून पुंगळी बाहेर पडत नाही, आतच राहते.

गणपतभाऊ म्हणाले, "ठेकेदाराले शोभते हे हत्यार. घेतलेलं काई सोडत नाई."

*

आता शेवटचा. एका गावात बिबट शेळ्या उचलत होता. मी आणि साहेब सकाळी गेलो. खडकामागून तो पंधरा पावलांवर आला. साहेबांनी नेम धरला. टक! एवढाच आवाज. बिबटानं आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला. साहेबांनी कडी ओढली, तसं अख्खं काडतूस माझ्या पायाशी पडलं.

साहेब घामानं भिजले होते. तरी पहिलं वाक्य हेच, "मास्तर, हे गणपतभाऊले कळलं नाई पायजे."

ओसरीवर आम्ही सांगितलं, बार झाला, नेम चुकला.

"पुंगळी?"

"पानात हरवली."

दुसऱ्या दिवशी गणपतभाऊ दुकान बंद करून एकटेच रानात गेले. तीन दिवस पानं उलथत राहिले. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पकडीनं गोळी उपटली, दारू सांडली आणि रिकामी पुंगळी माझ्या खिशात घातली. शोधायला मदत करतो म्हणून आम्ही गेलो, आणि मी ती त्यांच्यापुढच्या मोहाखाली हळूच सोडली.

त्यांना ती सापडली. बार झालेली पुंगळी तोंडाशी काळी पडते, तिला जळका वास येतो. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही आतून लखलखत होती. गणपतभाऊंनी ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मोहाची फुलं टपटप पडत होती.

"बार झाला होता ना, साहेब?"

"झाला ना. डोंगर घुमला."

गणपतभाऊंनी पुंगळी धोतराच्या टोकात बांधली.

"मंग हिले आता भरत नाई," ते म्हणाले. "लय थकली दिसते."