भारेवाल्या बाईचा प्रश्न

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही बीएस्सी ॲग्री. त्यामुळे तुडतुड्यांनी धान पिवळं पडायला लागलं तेव्हा बाबांच्या हातातलं जहरी औषध मी काढून घेतलं आणि किडे मारणाऱ्या बुरशीचा पुडा आणला. ऑक्टोबरच्या भर उन्हात, पाठीवर पंप घेऊन फवारायलाही लागलो.

बांधावरून डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन एक बाई चालली होती. आमच्या गावची नव्हती. भाऱ्याला हात न लावता ती थांबली.

"काय मारून राह्यला, बाबू?"

"बुरशी. जिवंत असते. किड्याच्या अंगात शिरून त्याला मारते," मी वर्गात शिकवावं तसं सांगितलं.

मान हलवली असती तर भारा पडला असता, म्हणून तिने फक्त डोळे उन्हाकडे नेले.

"आमच्या मोहफुलाले बुरशी लागली का आमी थे उन्हात टाकतो. मरून जाते. तुह्यावाली मरत नाई का?"

उत्तरासाठी ती थांबलीही नाही.

मी पंप उतरवला. अर्धा पुडा वाया गेला होता. उरलेला संध्याकाळी मारू, असं बाबांना म्हणालो.

"हे कालेजात नाई शिकवत का?" बाबांनी विचारलं.

शिकवतात. परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.