तीन रातांब्यांपैकी एक

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये बायको वेंगुर्ल्याहून, म्हणजे माहेराहून, वनस्पती तुपाच्या तीन डब्यांत रातांब्याची तीन रोपं घेऊन चंदीगडला आली. रेल्वेत बाकावर डबे आणि चार वर्षांची मुलगी ट्रंकेवर, अशी व्यवस्था होती. तिला आमटीत घरच्या रातांब्याचं आमसूल हवं होतं. इथे आमचूर घालावा लागे आणि ती आमटी मला वाढताना तिचा चेहरा सुतकी व्हायचा.

"अहो, तिन्ही लावा. नर कुठला, मादी कुठली, ते फुलल्याशिवाय कळत नाही."

मी वर्धेकडचा. रातांब्यातलं मला काही कळत नव्हतं, पण टेप माझ्याकडे होती. सरकारी घराचं अंगण सतरा फूट बाय अकरा. दोन झाडांत वीस फूट हवेत. म्हणजे एकच. रोपं मोजली: साडेनऊ इंच, आठ, सव्वासात. साडेनऊ ठेवलं. उरलेली दोन कुणी नेईल म्हणून फाटकाबाहेर ठेवली, ती गाईने खाल्ली. सेक्टरची आखणी फार काटेकोर होती, गाईची नव्हती.

बायको दोन दिवस माझ्याशी मुलीमार्फत बोलली.

थंडीत हे झाड टिकणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. शेजारचे सरदारजी म्हणाले, "ओ जी, तीन तरफ अरहर बीजो. पाला नहीं मारेगा." पाला म्हणजे थंडीत गोठणारं दव. म्हणून दर पावसाळ्यात तीन बाजूंनी तूर पेरायची, दक्षिण उन्हासाठी मोकळी. उन्हाळ्यातली लू, म्हणजे गरम वारा, अडवायला तुरीपलीकडे, पश्चिमेला, दोन केळी. दर रविवारी मी झाडाची उंची वहीत लिहायचो. मुलीची उंची दिवाळीला घ्यायचो.

सात वर्षांनी, मार्चमध्ये, झाड फुललं. उंची सहा फूट चार इंच. बायकोने एक फूल खुडलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"नर आहे."

"पापा, तीनों रख लेते ना," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, सात वर्षांपूर्वीचंसुद्धा.

सरदारजी कुंपणावरून ओरडले, "मुबारक! फल कब आएगा?"

"नहीं आएगा जी. लड़का है."

"लड़का है? फिर तो लड्डू खिलाओ!"

खिलवावे लागले. सरदारजींनी चार खाल्ले.

चूक माझी होती, आणि तसं मी त्या दिवशी बायकोला म्हणालो. त्या रविवारी जेवायला घरच्या तुरीची आमटी होती आणि ती चक्क आंबट, आमचुराचा वास नसलेली. मी दोनदा घेतली. मग टेप घेऊन बाहेर गेलो, तर झाड दोन इंचांनी कमी भरलं. पुन्हा मोजलं. वरचा कोवळा, तांबूस शेंडा खुडलेला होता. खालचं एक कोवळं पान चावून पाहिलं, आंबट.

वही तिच्यापुढे धरली.

"लिहा की," ती म्हणाली. "घट दोन इंच. कारण, आमटी."

लिहिलं. पुढच्या रविवारी तीन इंच.